भुईआवळीला आमंत्रण

वन्संना कावीळ झाली आहे हे घरात सगळ्यांत शेवटी वन्संनाच पटलं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मला त्यांच्या नखांवरून शंका आली, मामंजींना डोळ्यांवरून आणि धुणं धुणाऱ्या बाईला उशीच्या अभ्र्यावरून. त्या स्वतः मात्र आरसा दाराशी उजेडात नेऊन बघत आणि म्हणत, "उन्हाने रापलेय, बाकी काही नाही." रत्नागिरीचं वैशाखातलं ऊन रापवतं हे खरं, पण रापलेला माणूस काळवंडतो, पिवळा पडत नाही. शेवटी एके दुपारी पानावर वाढलेल्या भाताच्या नुसत्या वासानेच त्या उठून गेल्या, तेव्हा वाद मिटला.

हे तीस सालानंतरचं. माझे यजमान नोकरीनिमित्त मुंबईला, सासूबाई आधीच गेलेल्या, घरात मामंजी, मी आणि वन्सं. वन्सं लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. घरी बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मराठी फायनलची परीक्षा देऊन त्या मुलींच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जात, आणि त्या वर्षी पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना जागा मिळाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं. सोबत प्रकृतीचा दाखला हवा, तोही सरकारी डॉक्टरांच्या सहीचा. दाखला नसेल तर जागा दुसरीला. पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती, आणि मामंजी पुढच्या वर्षी पुन्हा हो म्हणतील याची तर मुळीच नव्हती. त्यांना राजी करायला आम्हां दोघींचा अख्खा हिवाळा गेला होता.

म्हणजे प्रश्न सरळ होता. महिनाअखेरीपर्यंत वन्संचे डोळे पांढरे झाले पाहिजेत.

मी वन्संना आधी सरकारी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्क, शांत, रोग्यापेक्षा सोबतीच्या माणसाकडे बघून बोलणारे. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "याला आमच्या बाटलीत औषध नाही. पडून राहायचं. तूप नाही, तेल नाही, तळलेलं नाही. पेज, ताक, उसाचा रस. महिनाअखेरीला आणा, डोळे निवळले असले तर दाखला देतो."

"आणि नसले तर?" वन्संनी विचारलं.

"तर नाही देणार," डॉक्टर म्हणाले. "तिथे वसतिगृहात बाकीच्या मुली असतात, बाई."

घरी आल्यावर मी पथ्याचा कागद करून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. डाव्या बाजूला काय चालेल, उजव्या बाजूला काय नाही. उजवी बाजू वाढत वाढत कागदाच्या मागे गेली. माडीवर आंबे पिकायला अढी घातलेली होती, घरभर वास सुटलेला, आणि आंबा उजव्या बाजूला. वन्संनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "वहिनी, डावी बाजू एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ऐकूनच पोट भरेल."

मामंजींचा विश्वास डॉक्टरांवर होता, पण एकट्या डॉक्टरांवर नव्हता. त्यांनी कावीळ उतरवणारा एक माणूस बोलावला. तो रोग्याच्या हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळी आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावी. कावीळ हातांतून उतरून पाण्यात येते, असं त्याचं म्हणणं. वन्संनी हात धुतले. पाणी पिवळं धमक झालं. मामंजींनी समाधानाने मान हलवली.

मला आपलं वाटलं, शंका तपासून घ्यावी. मी म्हटलं, "आता माझे हात धुवा."

तो माणूस जरा घुटमळला, पण त्याला नाही म्हणवेना. माझ्या हातांना साल चोळली, मी नवीन पाण्यात हात धुतले. तेही पाणी पिवळं झालं.

मामंजी घाबरून उभे राहिले. "सूनबाई, तुम्हांलाही आहे की काय?"

मग मामंजींचे हात धुतले. तेही पाणी पिवळं. त्या दिवशी आमच्या घरात तीन काविळी निघाल्या, आणि मी सालीचा आणि चुन्याचा संबंध मामंजींना समजावून सांगेपर्यंत त्यांनी स्वतःही ताक-भातच घेतला.

उरल्या मावशी. या सासूबाईंची धाकटी बहीण, पलीकडच्याच आळीत राहायच्या. काविळीचं औषध देणारी बाई म्हणून सगळी पंचक्रोशी त्यांना ओळखे. औषधाचे नियम त्यांना त्यांच्या सासूकडून आलेले. पैसा घ्यायचा नाही. वनस्पतीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. औषध रविवारी सुरू करायचं. आदल्या संध्याकाळी जाऊन वनस्पतीला रीतसर आमंत्रण द्यायचं, आणि सकाळी घरातून निघाल्यापासून ती आणून, वाटून, रोग्याच्या पोटात जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

यातला शेवटचा नियम मावशींच्या वाट्याला यावा याची गावाला मोठी मजा वाटे. त्यांच्याइतकं बोलणारं माणूस मी रत्नागिरीत दुसरं पाहिलेलं नाही. त्या विहिरीवर गेल्या की पाणी भरून परतलेल्या बायका पुन्हा घागर रिकामी करून ऐकायला थांबत.

नाव घ्यायचं नाही हेही नुसतं म्हणायचं. ती भुईआवळी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वीतभर उंचीचं रोप, आवळ्यासारखी बारीक पानं, आणि पानांच्या दांडीखाली मण्यांसारखी हिरवी फळं ओळीने लटकलेली. पावसाळ्यात ती कुठेही उगवते, अंगणात, कौलांच्या पन्हळीत, देवळाच्या पायऱ्यांत. पण वैशाखात कातळावर गवताची काडी दिसत नाही, तिथे भुईआवळी कुठली. त्या दिवसांत ती फक्त माडापोफळींच्या आगरात मिळे, जिथे रहाटाचं पाणी रोज पाटाने फिरवतात.

शनिवारी संध्याकाळी मावशी मला घेऊन परटवण्याच्या बाजूला एका ओळखीच्या आगरात गेल्या. पाटाच्या कडेला, एका पोफळीच्या बुंध्याशी, भुईआवळीचा छान हिरवा झुबका होता. मावशींनी त्याच्यासमोर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सुपारी ठेवली आणि पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "उद्या सकाळी न्यायला येते. घरात मुलगी आजारी आहे, तिला पुण्याला जायचंय. तिचे डोळे निवळू देत. ये हो." मग नमस्कार केला. आगरवाली बाई लांब रहाटाशी उभी राहून हे सगळं बघत होती. असल्या वेळी विचारायचं नसतं, म्हणून तिने काही विचारलं नाही, आणि सांगायचं नसतं, म्हणून आम्ही काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मावशी तोंड मिटून पुढे, मी मागे. मी बरोबर असायचं कारण हेच की वाटेत कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला तोंड असावं. मावशींच्या आळीच्या कोपऱ्यावर एक पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार राहायचे. त्यांच्या आंब्याची एक फांदी मावशींच्या परड्यात वाकली होती आणि तिच्यावरचे आंबे कोणाचे, यावर दोघांचा कितीतरी मोसम वाद चालू होता. ते ओट्यावर दात घासत बसले होते. मावशींची चाल बघून त्यांनी ओळखलं आणि तांब्या खाली ठेवला.

"मौन वाटतं मावशीबाई? बरं झालं. त्या फांदीचं मी काय म्हणत होतो ते आज पुरं सांगतो. झाड माझं, मूळ माझं, शेणखत माझं. फळ हवेतनं तुमच्याकडे आलं म्हणून तुमचं होत नाही. यावर तुमचं काही म्हणणं असलं तर बोला." ते थांबले. "नाही? मग मान्य आहे असं धरतो."

मावशींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या परत येऊन बोलतील."

"मी आहेच घरी," ते म्हणाले आणि पुन्हा दात घासू लागले.

आगरात शिरलो आणि मावशी जागीच उभ्या राहिल्या. काल जिथे भुईआवळीचा झुबका होता, तिथे आज चौकोनी सारवण होतं. शेणाने स्वच्छ सारवलेलं, वर रांगोळी, मधोमध एक गोल दगड, दगडावर तांबडी जास्वंद. आजूबाजूचं गवत मुळापासून साफ. नुसतं तेवढंच नाही, पाटाच्या दोन्ही कडा रहाटापर्यंत बेणून लख्ख केलेल्या.

आगरवाली बाई हात पुसत आली. तिचा चेहरा फुलला होता. "काल तुम्ही हळदकुंकू वाहून गेलात. मी ह्यांना म्हटलं, मावशींना काहीतरी स्थान दिसलंय हो. तसं गवतात कसं ठेवायचं? पहाटेच उठून सगळं बेणून काढलंनी. सारवलं मी. बरं झालं ना?"

मावशींनी तोंडावर हात ठेवला. आश्चर्याने नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून.

आता बोलायचं माझ्याकडे आलं, आणि नाव तर मलाही घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं, फार छान केलंत. पण इथे काल जे उगवलेलं होतं, त्याचं काय केलंत?"

"गवत?"

"गवतच म्हणा."

"ते गायीला घातलं."

गाय गोठ्यात उभी राहून रवंथ करत होती. मावशी गायीकडे बघत राहिल्या. आमंत्रण दिलेला पाहुणा आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच यजमानाकडे मुक्कामाला गेला होता.

बाईला आता काहीतरी चुकलं असं वाटू लागलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मावशींच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. "अगो बाय माझे. काविळीचं होय? आधी सांगायचं नाय? मी ती भुय..."

मावशींनी झेप घेऊन तिच्या तोंडावर तळवा ठेवला. क्षणभर त्या दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीचा एक हात स्वतःच्या तोंडावर, दुसरा दुसरीच्या.

अडचण खरी होती. नवीन रोपाला आमंत्रण द्यायचं तर पुढच्या शनिवारी, आणि न्यायचं तर पुढच्या रविवारी. मग महिनाअखेर कुठे आणि आम्ही कुठे. मावशी नियम मोडणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्यांनी मोडलेले नियम वन्संनाही चालले नसते. वन्सं वरून कितीही थट्टा करोत, काल रात्री झोपताना त्यांनी मला विचारलं होतं, "मावशी नीट आमंत्रण देऊन आल्या ना?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "मावशी, आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण देतात ते कसं देतात? सहकुटुंब सहपरिवार. घरातला कर्ता येऊ शकला नाही तर भाऊ येतो, पुतण्या येतो. त्याला कोणी म्हणतं का, तुला वेगळी अक्षत नव्हती, परत जा?"

मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या बोलू शकत असत्या तर या मुद्द्यावर तासभर बोलल्या असत्या, आणि कदाचित मला हरवलंही असतं. पण त्यांना फक्त मान हलवता येत होती, हो किंवा नाही. त्यांनी रांगोळीकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं आणि सावकाश हो म्हणून मान हलवली.

मग आम्ही तिघी आगरभर वाकून शोधत फिरलो. बाईच्या नवऱ्याने काम इतकं चोख केलं होतं की हिरवं म्हणून काही शिल्लक नव्हतं. बाई हाताला लागेल ते उपटून मावशींपुढे धरी, मावशी मान हलवून नाही म्हणत. एकदा तिने लाजाळू आणली, तर मावशींनी कपाळावर हात मारला. शेवटी सापडली ती विहिरीत. रहाटाच्या लोट्यांतून सांडणाऱ्या पाण्याने भिजलेल्या चिऱ्यांच्या फटींत, कठड्याच्या आतल्या अंगाला, भुईआवळीचा सगळा परिवार ओळीने बसला होता. मी पालथी पडून हात घातला, बाईने माझे पाय धरले, आणि मावशींनी नमस्कार करून ती माझ्या हातातून पदरात घेतली.

निघताना बाईने दगडाकडे बोट दाखवलं. "आता हा देव ठेवू की काढू?"

मावशी बोलू शकत नव्हत्या. त्यांनी घाईघाईने दगडाला नमस्कार केला आणि त्या चालू लागल्या. बाईने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढे कितीतरी वर्षं त्या आगरात त्या दगडावर रोज फूल असे.

घरी येऊन मावशींनी भुईआवळी मुळासकट धुतली, पाट्यावर वाटली, आमच्याकडे पाठ करून पदराच्या गाठीतलं आणखी काहीतरी त्यात घातलं आणि गायीच्या ताकातून वन्संना दिली. वन्संनी डोळे मिटून ती घेतली. घोट घशाखाली उतरला तशा मावशी म्हणाल्या, "मूळ त्याचं असेल, पण त्या मुळाला पाणी कोणाच्या परड्यातलं जातं?" आणि तशाच उठून शिरस्तेदारांच्या ओट्याकडे गेल्या. त्यांचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येत होता. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड अजून कडूच होतं, पण हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारी पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या.

पुढे आठवडाभर रोज सकाळी औषध झालं. पहिल्या दिवसाचं मौन पुढच्या दिवसांना पुरतं, असा मावशींचा एक सोयीचा नियम होता. त्या गाठीत काय असे ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी एकदा वाटीला लागलेलं चाखून पाहिलं. मला ते जिरं वाटलं.

आता डॉक्टर मंडळी सांगतात की असली कावीळ डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूंपासून होते आणि पाण्यातून पसरते. आपल्या रानातल्या झाडपाल्यात त्या विषाणूंना मारणारं काही आहे का, हे तपासून पाहण्याच्या गोष्टीही कानावर येतात. तपासावंच. मला कोणी विचारलं की भुईआवळीने गुण येतो का, तर मी सांगते, मी भुईआवळी एकटी दिलेली कधी पाहिली नाही. तिच्याबरोबर पेज होती, ताक होतं, विश्रांती होती, उकळलेलं पाणी होतं आणि मावशी होत्या. यातलं कशाने किती झालं, हे वेगळं करायचं तर एकाच घरात तीन-चार वन्सं आजारी पडायला हव्या होत्या. सालीच्या रसासारखी ही तपासणी ओट्यावर बसून होण्याजोगी नव्हे.

महिनाअखेरीला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वन्सं, मी, आणि नको म्हटलं तरी मावशी. वन्संची भूक परत आली होती, नखं निवळली होती, पण त्या दिवशी सकाळी उजेडात बघितलं तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यांत मला अजून किंचित झाक वाटली. वन्संनीही आरसा पाहिला होता.

डॉक्टरांनी त्यांना खिडकीशी उभं केलं, पापणी खाली ओढली आणि बराच वेळ पाहिलं. "पुष्कळ उतरली आहे," ते म्हणाले. "काय दिलंत?"

मावशी म्हणाल्या, "ते सांगायचं नसतं."

"भुईआवळी?"

मावशींनी छताकडे पाहिलं.

"माझ्या आईनेही तीच दिली असती," डॉक्टर म्हणाले. "तिने बिघडलं नाही एवढं मी सांगू शकतो. सुधारलं का, ते मला ठाऊक नाही. पण बाई, थोडी छटा अजून आहे. प्रकृती निर्दोष आहे असं मला आज लिहिता येणार नाही."

मी मनात हिशेब मांडत होते, पुन्हा कधी यायचं, गाडी कधी, घाटातली मोटर पावसात किती दिवस चालते. कुठल्याही बाजूने जुळत नव्हतं.

वन्संनी पदर नीट केला. "निर्दोष लिहू नका," त्या म्हणाल्या. "कावीळ झाली होती असं लिहा. उतरत आली आहे असं लिहा. पथ्य चालू आहे, आणि पेज माझी मी करून घेईन, असंही लिहा. मला हिंडता-फिरता येतं, वाचता येतं, शिकता येतं. ते खोटं आहे का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच सोबतीच्या माणसांवरून नजर काढून रोग्याकडे नीट पाहिलं. "खोटं नाही."

"मग खरं तेवढंच लिहा. ठेवायचं की नाही ते कॉलेजाने ठरवावं."

"आणि बाकीच्या मुली?"

"माझं ताट-भांडं वेगळं ठेवीन, पाणी उकळून पिईन. तेही लिहा."

डॉक्टर बसले, दौतीत टाक बुडवला आणि त्या म्हणाल्या तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: रुजू होण्यास माझी हरकत नाही. सही केली आणि कागद माझ्या हातात न देता वन्संच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "कावीळ झाली होती असं आपणहून कागदावर लिहून घेतलंन हो हिने. ठेवतील का गो तिथे?"

"ठेवतील," वन्संच पुढून म्हणाल्या. त्या आमच्यापुढे चालत होत्या. घराच्या वाटेला न लागता त्या बाजाराकडे वळल्या आणि कापडाच्या दुकानाची पायरी चढल्या. कॉलेजात पांढरी पातळं लागणार होती. दुकानदाराने एक पातळ उलगडून समोर टाकलं. वन्संनी त्याचं टोक उचललं, दाराशी उजेडात नेलं आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"हे पिवळट आहे. पांढरं दाखवा."

"कोरा रंग आहे बाई, एका धुण्यात जातो," दुकानदार म्हणाला.

"मग ठीक," वन्सं म्हणाल्या. "याच ठाणातली दोन काढा."